दिवसाचा डेटा संध्याकाळच्या आत का संपतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेली बरीच पत्रे एकाच तक्रारीची आहेत. रोजचा डेटा वेळेआधी संपतो आणि तो कशात गेला हे कळत नाही. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे याच विषयाला दिले आहे. सेटिंगची नावे फोनच्या कंपनीप्रमाणे आणि अँड्रॉइडच्या आवृत्तीप्रमाणे थोडीफार बदलतात. खाली दिलेले नाव जसेच्या तसे सापडले नाही, तर सेटिंग्ज उघडल्यावर वरच्या शोधाच्या चौकटीत 'डेटा' हा शब्द टाकावा. बहुतेक वेळा हवे ते पान लगेच समोर येते.

प्रश्न : माझा रोजच्या दीड जीबीचा पॅक आहे. मी दिवसभर दुकानात असतो, फोन फारसा हातात घेत नाही, तरी दुपारी चारच्या सुमारास डेटा संपल्याचा संदेश येतो. फोनमध्ये व्हायरस शिरला असावा का? ओळखीचे एक जण म्हणतात की फोन फॉरमॅट करून घ्या.
— एक किराणा व्यापारी, कराड

उत्तर : फोन फॉरमॅट करू नये. त्याने काही साधणार नाही. उलट सगळी ॲप्स पुन्हा उतरवून घेण्यातच शेकडो एमबी खर्च होतील. व्हायरसची शक्यता अगदीच नाही असे नव्हे, पण फोन बाजूला पडलेला असताना डेटा संपत असेल, तर त्याचे कारण बहुधा आपणच बसवलेले, रोजच्या वापरातले एखादे ॲप असते.

ते कोणते, हे फोनच सांगतो. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क आणि इंटरनेट', त्यात आपले सिम आणि त्यात 'ॲप डेटा वापर' असे पान असते. तिथे ॲप्सची यादी दिसते आणि सर्वांत जास्त डेटा घेणारे ॲप सर्वांत वर असते. त्याच्या नावावर बोट ठेवले की दोन आकडे दिसतात. 'फोरग्राउंड' म्हणजे ॲप पडद्यावर उघडे असताना झालेला वापर आणि 'बॅकग्राउंड' म्हणजे आपले लक्ष नसताना, पडदा बंद असतानाही झालेला वापर. ही यादी सहसा महिन्याची असते. त्यामुळे रोजच्या पॅकचा हिशेब लावायचा असेल, तर सकाळी दुकान उघडताना वरच्या चार-पाच ॲप्सचे आकडे कागदावर लिहून ठेवावेत आणि डेटा संपल्याचा संदेश आला की तेच आकडे पुन्हा पाहून वजाबाकी करावी. दोन दिवस असे केले की चित्र स्पष्ट होते. हे केल्याशिवाय कोणतीही सेटिंग बदलू नये असे मी आग्रहाने सांगेन, कारण नाहीतर माणूस दहा ठिकाणची बटणे बंद करतो आणि नेमके दोषी ॲप तसेच राहते.

वजाबाकीतून काय निघेल? बॅकग्राउंडचा आकडा मोठा असेल, तर तीन ठिकाणे पाहावीत. पहिले व्हॉट्सॲप. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' या पानावर 'मोबाईल डेटा वापरताना' अशी ओळ आहे. फोटो, ऑडिओ, व्हिडिओ आणि कागदपत्रे यांपैकी ज्याच्यासमोर खूण असेल ते आपोआप उतरते. मूळ व्यवस्थेत इथे फक्त फोटोंना खूण असते आणि फोटोंनी दीड जीबी संपत नाही, कारण व्हॉट्सॲपवरचा एक साधा फोटो शे-दोनशे केबीचा असतो. पण अनेक फोनमध्ये कुणीतरी कधीतरी व्हिडिओसमोरही खूण करून ठेवलेली आढळते. मग व्यापाऱ्यांचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या जुन्या मित्रांचा ग्रुप अशा चार ठिकाणांहून सकाळी आलेले शुभेच्छांचे आणि भाषणांचे व्हिडिओ, त्यांतला एकही न उघडता, फोनमध्ये येऊन बसतात. दहा-दहा एमबीचे वीस व्हिडिओ म्हणजे २०० एमबी दुकान उघडायच्या आत गेले. चारही खुणा काढून टाकाव्यात. त्यानंतर व्हिडिओ धूसर दिसतो, त्यावर बाण आणि आकार दिसतो, आणि पाहायचा असेल तरच बाणावर बोट ठेवायचे. व्हॉइस मेसेज तरीही आपोआप येतात, पण ते लहान असतात. इथे एक गैरसमज दूर करायला हवा : 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केल्याने डेटा वाचत नाही. त्याने आलेले फोटो गॅलरीत दिसेनासे होतात, एवढेच.

दुसरे ठिकाण गूगल फोटोज. फोनने काढलेला प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ ते गूगलकडे पाठवते आणि पाठवलेला डेटाही आलेल्या डेटाइतकाच पॅकमधून वजा होतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बॅकअपच्या सेटिंगमध्ये मोबाईल डेटासाठी रोजची मर्यादा घालता येते. ती शून्यावर ठेवावी. तिसरे प्ले स्टोअर : त्याच्या 'नेटवर्क प्रेफरन्सेस'मध्ये ॲप्सचे आपोआप होणारे अपडेट 'फक्त वाय-फायवर' असे करून ठेवावे.

आणि फोरग्राउंडचा आकडा मोठा निघाला, तर फोन आपण नाही पण दुसरे कुणीतरी वापरत आहे, असाच बहुधा त्याचा अर्थ. गल्ल्याजवळ ठेवलेला फोन घरातली मुले किंवा दुकानातली मंडळी सहज उचलतात. यादीत 'हॉटस्पॉट आणि टेदरिंग' अशी ओळ दिसली, तर आपला डेटा दुसऱ्याच्या फोनवर चालला आहे. हॉटस्पॉटचा पासवर्ड बदलावा.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे. शिकवणीची सोय नसल्याने तो यूट्यूबवर भौतिकशास्त्राची व्याख्याने पाहतो. दोन व्याख्याने झाली की डेटा संपतो आणि तिसऱ्यासाठी जादा रिचार्ज करावा लागतो. व्हिडिओचा दर्जा कमी केला तर फळ्यावरची अक्षरे दिसतील का?
— एक पालक, परभणी

उत्तर : दिसतील, आणि आपल्या घरातला सर्वांत मोठा खर्च इथेच वाचेल. हिशेब असा. व्हिडिओचा प्रवाह सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने येत असेल, तर तासाला ३,६०० मेगाबिट येतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ते झाले ४५० एमबी. साधारणपणे ४८०पी दर्जाच्या व्हिडिओला एवढाच वेग लागतो (हा आकडा जितका मोठा, तितके चित्र स्पष्ट). ३६०पी ला त्याच्या निम्मा, ७२०पी ला दुपटीहून थोडा अधिक आणि १०८०पी ला चौपट किंवा त्याहूनही जास्त लागतो. म्हणजे एक तासाचे तेच व्याख्यान सव्वादोनशे एमबीतही पाहता येते आणि दोन जीबीतही. हे आकडे ढोबळ आहेत. व्हिडिओमध्ये एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जेवढे बदलते तेवढेच मुख्यतः साठवले जाते, त्यामुळे स्थिर फळ्यासमोरचे व्याख्यान क्रिकेटच्या सामन्यापेक्षा पुष्कळ कमी डेटा घेते.

यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओच्या दर्जाचे पान आहे आणि त्यात मोबाईल नेटवर्क व वाय-फाय यांसाठी वेगवेगळी निवड करता येते. मोबाईल नेटवर्कसाठी 'डेटा सेव्हर' निवडावे. एखाद्या व्याख्यानात समीकरणे बारीक लिहिलेली असतील आणि ती वाचता येत नसतील, तर तो व्हिडिओ चालू असताना कोपऱ्यातल्या चक्राच्या खुणेवर जाऊन ४८०पी निवडावे. ही निवड त्या एका व्हिडिओपुरतीच राहते, त्यामुळे नंतर विसरले तरी नुकसान होत नाही. सहा इंचांच्या पडद्यावर ४८०पी मध्ये फळा नीट वाचता येतो. मुलाच्या डोळ्यांना ताण पडेल इतका दर्जा उतरवून चार पैसे वाचवावेत, असे मी सुचवणार नाही.

पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. अभ्यास संपवून मुलगा उठला तरी फोन पुढची व्याख्याने देत राहतो, असे होऊ शकते. जे प्रकरण दोन-तीनदा पाहावे लागते ते उतरवून ठेवावे, म्हणजे डेटा एकदाच जाईल. यूट्यूबवर सगळ्या व्हिडिओंना ही सोय नसते, पण केंद्र सरकारच्या 'दीक्षा' ॲपवरचे साहित्य उतरवून नेटशिवाय पाहता येते आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. उतरवण्यासाठी वाय-फाय नसेल, तर रात्री बारा वाजण्याआधी त्या दिवसाचा जो डेटा उरला असेल तो यासाठी वापरावा. रोजच्या पॅकमधला उरलेला डेटा बहुतेक योजनांत दुसऱ्या दिवशी मिळत नाही. तो वाया जाण्यापेक्षा उद्याचे व्याख्यान आजच फोनमध्ये आलेले बरे.

प्रश्न : मी रोज बदलापूरहून मुंबईला लोकलने जाते. जाता-येता यूट्यूबवर गाणी लावून ठेवते, पडद्याकडे पाहतही नाही. तरी डेटा इतका कसा जातो?
— बदलापूर

उत्तर : पाहिले नाही तरी चित्र येतच असते. तासाभराच्या ४८०पी व्हिडिओला ४५० एमबी लागतात, तर गाण्याच्या ॲपवर ९६ केबीपीएसने (म्हणजे सेकंदाला ९६ किलोबिट) ऐकलेल्या तासाभराच्या गाण्यांना सुमारे ४३ एमबी पुरतात. उंची दर्जाच्या ३२० केबीपीएसला सुद्धा १४४ एमबीच. गाण्यांचे स्वतंत्र ॲप वापरावे, त्यातला दर्जा 'नॉर्मल' ठेवावा, आणि शक्य असेल तर आवडीची यादी घरच्या वाय-फायवर उतरवून घ्यावी. आपल्या फोनमध्ये एफएम रेडिओ असेल, तर वायरचे इअरफोन लावून विविध भारती ऐकायला डेटा अजिबात लागत नाही.

गाण्यांच्या मधे रील्सही पाहत असाल, तर हेही लक्षात असू द्यावे. एक रील पाहत असताना पुढच्या रील्स आधीच उतरू लागलेल्या असतात, म्हणजे सरकवून टाकलेल्या रीलचाही डेटा गेलेला असतो. इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये कमी मोबाईल डेटा वापरण्याची खूण आहे आणि फेसबुकमध्ये व्हिडिओ आपोआप चालू होणे 'फक्त वाय-फायवर' असे करता येते. दोन्ही आजच करून घ्याव्यात.

प्रश्न : ५जी फोन घेतल्यापासून डेटा जास्त लागतो. वेग वाढला की खर्च वाढतो का? आमच्या प्लॅनमध्ये तर ५जी अमर्याद आहे असे सांगितले होते.
— फोंडा, गोवा

उत्तर : दहा एमबीची फाइल ४जीवर उतरवली काय किंवा ५जीवर, ती दहा एमबीचीच असते. पण व्हिडिओची ॲप्स नेटवर्कचा वेग सतत मोजतात आणि मिळेल तेवढा वरचा दर्जा स्वतःहून निवडतात. दर्जा 'ऑटो' वर असला की वेगवान नेटवर्कवर तोच कार्यक्रम दुप्पट-तिप्पट डेटा घेतो. आयफोनमध्ये तर '५जीवर अधिक डेटा' अशी वेगळी निवडच आहे. ती बदलून 'स्टँडर्ड' किंवा 'लो डेटा मोड' करता येते.

अमर्याद डेटाची मेख दुसरीकडे आहे. भारतात ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाले. ज्या योजनांत ते अमर्याद दिले जाते, त्यांत सहसा फोन प्रत्यक्ष ५जीवर असतानाचाच डेटा अमर्याद असतो. घरात शिरल्यावर, भिंतींआड किंवा घाटात फोन ४जीवर उतरला की रोजच्या ठरलेल्या डेटातून वजावट सुरू होते. आपल्याला मात्र वरच्या पट्टीतली ती बारीक खूण बदललेली दिसत नाही आणि वरच्या दर्जाचा व्हिडिओ तसाच चालू राहतो. एक-दोन दिवस घरात नेमकी कुठली खूण दिसते ते पाहावे. घरात ४जीच मिळत असेल, तर व्हिडिओचा दर्जा ४जीच्या हिशेबाने ठरवावा.

प्रश्न : गणपतीसाठी गावी आल्यावर आठ-दहा दिवस इथूनच ऑफिसचे काम करावे लागते. फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला की तासाभरात दोन जीबी संपतात. मी फक्त ईमेल आणि मीटिंग एवढेच करतो.
— संगमेश्वर तालुका

उत्तर : आपण तेवढेच करता, लॅपटॉप मात्र आणखी बरेच करतो. हॉटस्पॉट त्याच्या दृष्टीने वाय-फायच असतो. वाय-फाय म्हणजे मोजमाप नसलेले नेट, असे समजून तो विंडोजचे अपडेट, क्लाउडवरच्या, म्हणजे नेटवर साठवलेल्या, फोल्डरची जुळवाजुळव, अँटिव्हायरसच्या फाइली हे सगळे एकदम उरकून घेतो. यावर विंडोजमध्येच उपाय आहे. वाय-फायच्या सेटिंगमध्ये आपल्या हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करावे. मग बहुतेक अपडेट थांबतात आणि वनड्राइव्हही थांबते. गूगल ड्राइव्ह किंवा तत्सम दुसरे काही असेल, तर ते हाताने थांबवावे लागते. ही खूण त्या एका नेटवर्कपुरती असल्याने पुण्या-मुंबईच्या घरी परतल्यावर काही बदलावे लागत नाही.

हॉटस्पॉटवर दुसरा फोन जोडला जात असेल, तर हीच अडचण तिथेही येते. त्या फोनला आपण वाय-फायवर आहोत असे वाटले, तर व्हॉट्सॲपचे व्हिडिओ, फोटोंचा बॅकअप आणि ॲप्सचे अपडेट एकाच वेळी सुरू होतात. अँड्रॉइडमध्येही त्या नेटवर्कच्या तपशिलात 'मीटर्ड समजा' अशी निवड असते. सणाला घरात दहा माणसे जमतात आणि प्रत्येकाला पासवर्ड दिला जातो, तेव्हा ही काळजी जरूर घ्यावी.

मीटिंगचा हिशेब वेगळा आहे. झूमच्या मापाप्रमाणे दोघांच्या चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ कॉलला येताना ६०० आणि जाताना ६०० केबीपीएस लागतात, म्हणजे तासाला सुमारे ५४० एमबी. नुसत्या आवाजाला दोन्ही बाजू धरून ७० एमबीच्या आसपास पुरतात. आपला कॅमेरा बंद ठेवल्याने जाणारा डेटा वाचतो. समोरच्यांची चित्रेही थांबवली, तर येणाराही वाचतो. कार्यालयाला तसे आधीच कळवून ठेवावे. कोकणातल्या नेटवर्कची कल्पना एव्हाना सर्वांना आलेली आहे.

प्रश्न : प्ले स्टोअरवर डेटा वाचवणारी आणि वेग वाढवणारी अनेक ॲप्स दिसतात. त्यांतले कोणते चांगले?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : कोणतेही बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्वी अशा ॲप्सना काही अर्थ होता. वेबपान आधी त्यांच्या सर्व्हरवर जाई, तिथे आटवले जाई आणि मग फोनवर येई. आता नेटवरची जवळजवळ सगळी वाहतूक कूटबद्ध, म्हणजे सांकेतिक रूपात, असते, त्यामुळे मधल्या कुणाला ती उघडून आटवता येत नाही. गूगलने स्वतःचे डेटाली हे ॲप २०१७ मध्ये आणले आणि दोन वर्षांत मागे घेतले. क्रोममधली 'लाइट' सोय मार्च २०२२ मध्ये बंद झाली. ऑपेरा मिनीसारखा ब्राउझर आजही पाने आटवून देतो आणि नुसत्या वाचनासाठी तो उपयोगी आहे, मात्र त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

धोका दुसराच आहे. अशी ॲप्स फोनची सगळी वाहतूक स्वतःमधून नेण्याची परवानगी मागतात. ओनावो नावाची कंपनी डेटा वाचवण्याच्या ॲपमुळे पुढे आली आणि २०१३ मध्ये फेसबुकने ती विकत घेतली. तिच्या 'ओनावो प्रोटेक्ट' या ॲपने माहिती सुरक्षित ठेवण्याचे आश्वासन दिले होते, पण लोक कोणती ॲप्स किती वापरतात याची माहिती फेसबुकच्या व्यवसायासाठी वापरली गेली. २०१८ मध्ये ते ॲपलच्या स्टोअरवरून हटवावे लागले आणि जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने या प्रकरणी एकूण २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. जे काम फोनमधले 'डेटा सेव्हर' करते, त्यासाठी हा सौदा कशाला? अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून ते प्रत्येक फोनमध्ये असते आणि मोबाईल डेटावर असताना बहुतेक ॲप्सचा पाठीमागचा वापर थांबवते. ज्यांच्या सूचना लगेच यायला हव्यात, ती मोजकी ॲप्स त्यातून वगळता येतात.

प्रश्न : आईंचे वय ७४ आहे. त्या फोनवर फक्त बोलतात, डेटा वापरतच नाहीत. तरी डेटासकट पॅक घ्यावाच लागतो का?
— नाशिक रोड

उत्तर : नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएस असलेला पॅक देणे बंधनकारक केले आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवण्यास परवानगी दिली. दुकानदार स्वतःहून तो सुचवत नाहीत, म्हणून नाव घेऊन मागावा आणि नेहमीच्या पॅकशी महिन्याचा खर्च ताडून पाहावा. आईंना नातवंडांचे व्हिडिओ कॉल येत असतील, तर मात्र घरी वाय-फाय असेल तरच हा पॅक घ्यावा.

प्रश्न : डेटा संपल्यावरही नेट हळू चालते असे म्हणतात, पण रात्री औषधाच्या दुकानात यूपीआयने पैसे जातच नाहीत. गोल फिरत राहते. काय करावे?
— इचलकरंजी

उत्तर : रोजचा डेटा संपल्यावर बहुतेक योजनांत वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला फक्त ८ केबी. एक एमबीचा फोटो उतरायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागेल एवढीच ही गती आहे. यूपीआयच्या व्यवहाराला फार थोडा डेटा लागतो, तेव्हा खरे तर तो एवढ्यातही व्हायला हवा. होत नाही, याचे कारण त्याच वेळी दुसरी दहा ॲप्स त्या एकाच बारीक धारेखाली हंडे लावून बसलेली असतात. म्हणून पैसे देण्याआधी वरची पट्टी खाली ओढून 'डेटा सेव्हर' चालू करावे, मिनिटभर थांबावे आणि मग यूपीआयचे ॲप उघडावे. पाठीमागची ॲप्स थांबली की समोरच्या ॲपला सगळी धार मिळते आणि व्यवहार पुष्कळदा पार पडतो.

नेटशिवायही मार्ग आहे. बँकेत नोंदवलेल्या क्रमांकावरून *९९# लावल्यास ५,००० रुपयांपर्यंतचा यूपीआय व्यवहार करता येतो. ही सेवा सर्व नेटवर्कवर चालत नाही, त्यामुळे गरज पडण्याआधी घरी एकदा शिल्लक तपासून खात्री करून घ्यावी. आणि गोल फिरत असताना खात्यातून पैसे कापल्याचा संदेश आला, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत. आधी ॲपमधल्या व्यवहारांच्या यादीत तो व्यवहार 'प्रलंबित' आहे की 'अयशस्वी' हे पाहावे आणि दुकानदाराला त्याच्याकडची नोंद तपासायला सांगावे.